पुसलेली नोंद परत आली

मी मुळातच भित्री. पाल दिसली की खोली तिच्या ताब्यात देऊन बाहेर ओटीवर जाऊन बसणारी. त्यामुळे ग्रंथालयातली, त्यातून जुन्या कागदांची नोकरी मिळाली तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. आई म्हणाली, "बरं झालं, कागद काय चावतात थोडेच." नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. रोह्याच्या त्या ग्रंथालयात वरच्या मजल्यावर एक खोली होती. गावातल्या घरांतून, माळ्यांवरून, पत्र्याच्या पेट्यांतून आलेले कागद तिथे ठेवलेले असत. मी ते पुसायची, उलगडायची आणि प्रत्येकाचं वर्णन लिहायची.

वर्णन लिहायला संगणक होता. इथल्या एका कंपनीने नवे घेतले आणि जुना आम्हाला दिला. त्याच्या मागोमाग कंपनीतले एक साहेबही आले. त्यांना संगणकाचं वेड होतं, आणि सुट्टीच्या दिवशी घरी थांबायचं नसावं असा माझा अंदाज. पेणलाही आमच्यासारखीच एक कागदांची खोली होती. साहेबांनी दोन्हीकडे येरझाऱ्या घालून एक रीत बसवून दिली. कागद जागचे हलवायचे नाहीत, हलवायचं ते फक्त त्यांचं वर्णन. दोन्हीकडे रकाने तेच. कागद काय आहे, कोणत्या काळचा, कोणाकडून आला, तो देणारा कुठे राहतो, सध्या ठेवलाय कुठे. शनिवारी दुपारी पेणचा संगणक फोनवरून आमच्या संगणकाला विचारायचा, गेल्या वेळेनंतर तुझ्याकडे नवं काय आलं, काय बदललं? आमचा सांगायचा. मग आमचा तेच पेणच्याला विचारायचा. अशाने दोन्हीकडे दोन्ही गावांच्या कागदांची माहिती जमायची.

"ही रीत कुणाच्या मालकीची नाही," साहेब मोठ्या कौतुकाने सांगत. "प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. उद्या अलिबागने विचारलं, परवा दिल्लीने विचारलं, तरी आपला संगणक उत्तर देणार. दार उघडं."

मला ते उघडं दार ऐकूनच धडकी भरायची. फोन लागला की संगणकाला जोडलेला मोडेम असा काही किंचाळायचा की खाली पेपर वाचणारे म्हातारे वर बघत. मी प्लगच्या बटणावर बोट ठेवून उभी राहायची, काही पेटलं तर बंद करता यावं म्हणून. साहेब हसायचे. आमचा शिपाई तर म्हणायचा, "बाई, त्यात भूत हाय, पण सरकारी हाय, काय करणार नाय." हळूहळू तो आवाज सवयीचा झाला आणि मी बटणावरचं बोट काढलं.

अशात एके दिवशी ती आली. तिशीची असेल. अंगाने बारीक, डोक्यावरून पदर, आणि पदराच्या आत छातीशी धरलेली गुंडाळी. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला होती ती. गुंडाळीत जाड कापडावर काढलेला एक नकाशा होता. तिचा बाप खाडीकडच्या गावात मिठागरावर मुकादम होता. त्याने की त्याच्या बापाने, तिला नक्की ठाऊक नव्हतं, मिठागराचे बांध, पाणी घ्यायची वाट, मीठ पिकायचे वाफे असं सगळं शाईने काढून ठेवलं होतं. कापडाला अजून खारट वास होता. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच. असं काही आमच्याकडे नव्हतंच, पेणलाही नव्हतं.

"देत नाय मी," ती घाईने म्हणाली. "ठेवायला आणलंय. खोलीला गळती हाय आमच्या. बापानं सांगितलं होतं, भिजू देऊ नको."

मी तिला बसवलं आणि रकाने भरत गेले. नाव सांगा. तिने सांगितलं, सासरच्या आडनावासकट. राहता कुठे? अष्टमीत, पुलापलीकडे, मशिदीमागच्या गल्लीत, एका मुसलमान खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरी भाड्याने. खालाचंही नाव मी घातलं. आम्हाला शिकवलंच होतं तसं. कागद कुठून आला ते नीट लिहिलं नाही तर त्या वर्णनाला किंमत नाही. ती माझ्या मागे उभी राहून पडद्यावर आपलं नाव उमटताना बघत होती. तिला वाचता येत होतं. "छान दिसतंय," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली. नकाशा बघायचा होता, मुलीला दाखवायला. पाच-सहा वर्षांची मुलगी, आईच्या निरीला धरून. मी नकाशा काढला, टेबलावर पसरला आणि हौसेने म्हणाले, "आता तुमचा नकाशा पेणलाही माहीत झाला बरं का!"

तिचा हात नकाशावर होता, तो तिथेच थांबला.

"पेणला कसा गेला? हितंच हाय की."

"नकाशा नाही हो. त्याची नोंद. तुमचं नाव, पत्ता, सगळं."

मी बोलत गेले आणि तिचा चेहरा उतरत गेला. तिने मुलीला खाली शिपायाकडे पाणी प्यायला पाठवलं. मग पदर कानामागे सारला. कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती, जुनी जखम, वेडीवाकडी भरलेली. बाकी तिने फार सांगितलं नाही. नवरा पेणचा. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. ती पोरीला घेऊन निघून आली, कोणालाच न सांगता. माहेरी गेली नाही, कारण तो पहिला तिथेच जाईल. खालाचे दोन मुलगे आखातात, घर मोकळं, तिने ठेवून घेतलं. नवऱ्याने आधीच बजावून ठेवलं होतं की पळालीस आणि सापडलीस तर पोरीला नेईन, आणि तुला ठेवणार नाही.

"ठेवणार नाही म्हणजे?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"ठेवणार नाय म्हंजे ठेवणार नाय," ती म्हणाली. "काढून टाक गो बाय ते. पाया पडते."

मी तिच्यासमोरच ती नोंद काढून टाकली. पडद्यावर दाखवलं, बघा, नाही आता. शोधूनही दाखवलं, सापडली नाही. तिने दोनदा शोधायला लावलं. मग ती मुलीचा हात धरून जिना उतरली आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या शनिवारी मोडेम किंचाळला तेव्हा मी शांतपणे चहा पीत होते.

सोमवारी पेणहून काय काय नवं आलं ते बघायला बसले. पहिलीच नोंद तिची होती. तिचं नाव, सासरचं आडनाव, अष्टमी, मशिदीमागची गल्ली, खालाचं नाव. माझ्याच शब्दांत, खाली फक्त पेणचा 'पाहिली' असा शेरा.

शिपाई म्हणायचा ते भूत खरंच असावं असं क्षणभर वाटलं. मी ती पुन्हा पुसली, पुन्हा शोधून पाहिली, आणि मग लक्षात आलं की पुसण्यावर आता माझा विश्वासच उरलेला नाही. खाली जाऊन कंपनीत साहेबांना फोन लावला.

"पुसलीत?" साहेब म्हणाले. "अहो, पुसायचं असेल तर पुसायचं नाही."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं. पेणचा संगणक विचारतो, नवं काय, बदललेलं काय. पुसलेलं काय, असं कोणी विचारतच नाही. मी इथे पुसलं, ते पेणला कळलंच नाही. त्यांच्याकडे ती नोंद सुखात होती. मग आमच्या संगणकाने शनिवारी त्यांना विचारलं, नवं काय, बदललेलं काय? तिथे तिच्यावर 'पाहिली' असा शेरा पडला होता, म्हणून ती बदललेली ठरली. पेणच्या संगणकाने इमानेइतबारे ती काढून दिली. पुसायची खरी पद्धत अशी, की नोंदीचा नंबर तसाच ठेवायचा, आतलं सगळं रिकामं करायचं आणि 'काढली' असा शेरा मारून ती बदललेली म्हणून पाठवायची. म्हणजे पलीकडचाही तेच करेल.

"आणि पेणशिवाय कोणी विचारलं असेल तर?" मी विचारलं.

"तसं अजून कोणाला माहीत नसावं," साहेब म्हणाले. 'नसावं' हा शब्द मला मुळीच आवडला नाही.

पण माझी खरी भीती वेगळीच होती, आणि ती साहेबांना ठाऊक नव्हती. पेणची कागदांची खोली सांभाळणारे एक निवृत्त मास्तर होते. त्यांना रोह्याहून येणाऱ्या माहितीचा विलक्षण अभिमान. नवं आलेलं किंवा बदललेलं सगळं ते छापून काढत आणि खाली वाचनालयात, पेपर ठेवलेल्या टेबलांच्या बाजूला, फलकावर टाचणीने लावत. लोकही पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून झाल्या की तो फलक वाचत उभे राहत. मी 'काढली' म्हणून नोंद पाठवली तरी फलकावरचा कागद काही रिकामा होणार नाही. आणि तिची नोंद? ती तर केव्हाच लागली असणार. मी पेणला फोन लावला. लागेना. संगणक आणि फोन एकाच लाइनवर, आणि मास्तरांना कोणाशी तरी संगणक जोडून बघण्याचा नाद. तासभर एंगेजच.

दुपारच्या गाडीने मी निघाले. वाटेत निडी स्टेशनात गाडी उगाच थांबून राहिली. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं नाय काय गो?" मी म्हटलं, ऊन लागलं. खरं म्हणजे मी मनात एकच हिशेब मांडत होते. फलक किती जण वाचतात, त्यातल्या किती जणांना ते आडनाव ओळखीचं, आणि त्यातले किती जण हे घरी जाऊन बोलतील. हिशेब काही जमेना.

पेणच्या वाचनालयात मी याआधी साहेबांबरोबर आले होते, तेव्हा मजेत. आज दारातच थांबून आधी आत पाहिलं. आत सात-आठ पुरुष पेपर वाचत बसलेले. त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. माहीत होतं ते इतकंच की तो गणपती रंगवतो, आणि पेणमध्ये तसे निम्मे. एकाच्या नखांत गुलाबी रंग होता. दुसऱ्याच्या मनगटावर सोनेरी. तिसरा तर फलकासमोरच उभा, पाठ माझ्याकडे. कोण कुठला रंग घेऊन बसलंय ते बघत मी भिंतीला धरून पुढे सरकले. तो माणूस हलला. त्याने चष्मा काढून पुसला. सत्तरीचा होता.

फलकावर तिचं नाव होतं. दोनदा. एकदा जुन्या कागदावर आणि एकदा 'पाहिली' असा शेरा घालून छापलेल्या ताज्या कागदावर. मी दोन्ही कागद ओढून काढले. टाचण्या खाली पडल्या.

"अगं अगं, काय करतेस?" मास्तर आतून आले. "चांगले लावलेले कागद कशाला काढतेस?"

मी त्यांना बाजूला ओढलं. काय सांगावं आणि काय नाही याचा विचार करायला वेळ नव्हता, म्हणून सगळंच सांगितलं. कानासकट. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांनी दोनदा "काय?" म्हणून विचारलं. मास्तर हळूहळू खुर्चीवर बसले.

"तरी म्हटलं," ते म्हणाले. मग माझ्या हातातला एक कागद घेऊन त्यांनी पत्त्यावर बोट ठेवलं.

"काय झालं मास्तर?"

मास्तरांची एक पद्धत होती. रोह्याकडून आलेल्या कागदात पेणच्या कुणाचं नाव दिसलं की ते स्वतः त्या घरी जाऊन सांगून येत. तुमच्या आजोबांचं नाव आलंय, तुमच्या आत्याचा कागद सापडलाय, असं. लोक त्यांना चहा देत, कोणी कोणी रडत. त्यांना ते आवडायचं. हे आडनाव आधी त्यांच्या नजरेतून सुटलं होतं; गेल्या आठवड्यात ओळखलं तेव्हा त्यांनी नोंदीवर 'पाहिली' असा शेरा मारला, आणि काल संध्याकाळी ते चालत कारखान्यामागच्या त्या घरी गेले होते. सून सापडत नाही म्हणून त्या घरची म्हातारी वर्षभर डोळ्यांना पदर लावून बसलेली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला कागद वाचून दाखवला. पत्त्यासकट.

"मुलगा होता का घरात?" मी विचारलं.

"तोच तर होता," मास्तर म्हणाले. "त्याने कागद मागून घेतला. माझ्या पाया पडला गं तो."

मास्तरांनी स्वतः संगणकावर बसून ती नोंद रिकामी केली, 'काढली' लिहिलं आणि माझ्या देखत रोह्याला पाठवली. त्यांची बोटं कळफलकावर चुकत होती. मला त्यांच्यावर चिडताही येईना. मी एसटी स्टँडकडे पळत सुटले.

रोह्याला उतरून पूल ओलांडेपर्यंत अंधारून आलं होतं. कुंडलिकेवरून वारा येत होता आणि मला घाम फुटला होता. पुलावर समोरून येणारा प्रत्येक पुरुष मी निरखत होते. मशिदीमागची गल्ली शोधायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. माझीच नोंद मला तोंडपाठ होती.

खालाने दार अर्धंच उघडलं. "कोन पायजे?" माझ्या मागे कोणी नाही हे बघूनच तिने मला आत घेतलं. ती नकाशावाली आत होती. मुलगी पाटावर जेवत होती. मी दाराशीच उभी राहून सांगितलं, कालच त्याला कळलंय. वर्णन, संगणक, प्रश्न, उत्तरं यातलं काही बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. ओरडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिने मुलीपुढचं ताट उचललं, उरलेला घास तिच्या तोंडात घातला आणि खुंटीवरची पिशवी काढली. खाला कपाटातून कपडे काढून तिच्या हातात देत होती. त्या दोघींना हे कसं करायचं ते आधीच माहीत होतं, असं वाटलं.

"सकाळच्या आत निघा," खाला म्हणाली. "माझ्या भाच्याची जीप हाय. कोन विचारणार नाय."

"नकाशा?" मी म्हटलं. "आणून देऊ?"

"भिजंल तो," ती म्हणाली. "हितंच ठेव. कुनाचा ते लिहू नको."

मी मान हलवली. तिने मुलीच्या पायात चपला घातल्या, मग माझ्याजवळ आली. माझा चेहरा बघून तिलाच माझी दया आली असावी. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "घाबरू नको गो. तुला सांगून जाते कुठं चाललोय ते. एक तरी मानूस पायजे म्हाईत असलेला."

आणि ती सांगणार एवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, हाताच्या पंजाने. "नका," मी म्हटलं. "मला नका सांगू. खालाला सांगा. मला नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला राग आला की पटलं, ते मला अजून कळलेलं नाही. मग ती पिशवी भरायला वळली आणि मी तशीच बाहेर पडले.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात आला. अष्टमीत जाऊन आला असावा, खालाने दाराबाहेरूनच परत पाठवला असावा. मला वाटलं होतं दांडगा कोणी येईल. हा शिडशिडीत, स्वच्छ शर्ट घातलेला, चप्पल बाहेर काढून आत आला. मी उठून उभी राहिले ती टेबलाला धरून. त्याने हात जोडले. "ताई," तो म्हणाला, "माझं चुकलं. मानूस चुकतो. पोरगी लहान हाय. रात्री उठून तिची उशी हुंगतो मी." मग तो थांबला. खिशातून एक लहान लाल रिबीन काढली, तिच्याकडे बघत राहिला आणि डोळे पुसले. "तुमाला म्हाईत असंल तर सांगा. बास, एकदा बघून येतो लांबून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची कणव आली, लपवून काय करू. मी म्हटलं, "मला माहीत नाही हो." ते खरं होतं म्हणूनच तोंडातून निघालं. तो मान हलवून, पुन्हा हात जोडून, जिना उतरला.

मी खुर्चीत बसले आणि विचार करत राहिले, की आपण फार दुष्टपणा तर नाही ना केला. त्या कानाचाही क्षणभर विसर पडला होता. तेवढ्यात खालून, जिन्याखाली बसणाऱ्या शिपायाजवळून, त्याचा आवाज आला. "दादा, माझं चुकलं. मानूस चुकतो. पोरगी लहान हाय. रात्री उठून तिची उशी हुंगतो मी." मग तो थांबला, वर थांबला होता तेवढाच. मी कठड्यावरून वाकून बघितलं. त्याने खिशात हात घातला, रिबीन काढली, तिच्याकडे बघितलं आणि डोळे पुसले.

मी मागे सरकून खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून खाली बसले. माहीत असतं, तर मी त्याला पहिल्याच वेळी सांगून टाकलं असतं.